बी बाजूचा माणूस

१ जानेवारी २००१, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानातून फुकट मिळाली. शेती नाही, खत लागत नाही, पण दुकानदार ओळखीचा. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यांना एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला: उसाचं पाचट जाळू नका. बरं.

या वर्षी चहा दिवसाला दोनच कप. चिडायचं नाही. आणि मेव्हण्याकडून, म्हणजे दौंडच्या जालिंदरकडून, कबूल करून घ्यायचं की 'निळा कंदील गायन पार्टी'चं सगळ्यात थोर गाणं 'कंदिलाची काच' हेच आहे. 'गाव आलं पाण्याला' नव्हे. तिसरा संकल्प पार पडला की पहिले दोन आपोआप जमतील.

सकाळी कोरेगावला विजयस्तंभाला अभिवादन करून आलो. कॅसेटच्या स्टॉलवर निळा कंदीलची जुनी रेकॉर्ड नव्या कॅसेटमध्ये आलेली दिसली. ए बाजूला 'गाव आलं पाण्याला', बी बाजूला 'कंदिलाची काच'. घेतली. स्टॉलवाल्याला विचारलं, लोक कोणत्या बाजूसाठी घेतात. तो म्हणाला, काका, बी बाजू कोन ऐकतंय, ती तर रीळ भरायला टाकतात. थंडीत पहाटेपासून उभा होता बिचारा. वैतागला असणार.

३ जानेवारी

फर्स्ट शिफ्ट करून आलो. कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून मान धरली आहे. तरी लिहितो, कारण मुद्दे विसरायला नकोत.

निळा कंदील म्हणजे दौंडच्या रेल्वेतले चार खलाशी आणि एक साळूबाई. सोपानराव त्यांचे म्होरके. एकच रेकॉर्ड निघाली, शहात्तर साली. आता पाचातल्या साळूबाईच तेवढ्या राहिल्या. ए बाजू पळती आहे, ढोलक, टाळ्या, मागे पोरींचा कोरस. ज्या गावाला तळ्यावर येऊ देत नव्हते ते गाव पाणी भरायला निघतं, असं गाणं. लोकांना आवडतं. लोकांना भेळही आवडते. बी बाजू संथ. सोपानराव एकटे गातात, सात मिनिटं. रात्रपाळीचा खलाशी कंदिलाची काच पुसतो, बस. पुसतोच आहे. यात किती अर्थ आहे हे समजायला माणूस दमलेला असावा लागतो.

शिवाय ए बाजूत एक ढळढळीत चूक आहे. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकची थाप पडायची असते आणि मग कोरसने 'आलं गं आलं' उचलायचं असतं. त्यातली एक पोरगी थापेच्या आधीच उठते, गायला लागते. एकटी. किनऱ्या आवाजात. बाकीच्या मागून धावत येतात. ही चूक मी आमच्या लग्नात, मांडवात भोंग्यावर ते गाणं चालू असतानाच, बायकोला दाखवून दिली होती. म्हणालो होतो, ऐक, या एका कार्टीने सगळी वाट लावली. ही तेव्हापासून या विषयावर माझ्याशी कधी वाद घालत नाही. पटलेलं माणूस असंच असतं.

आज चहाचे तीन झाले. एक कंपनीतला, तो धरत नाही.

७ जानेवारी, रविवार

जालिंदरशी अबोला का आहे तेही नोंदवतो. गेल्या दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आम्ही दौंडला होतो. जेवणं झाली आणि विषय निघाला. मी काढला. जालिंदर म्हणाला, दाजी, सारखं त्या पोरीला नावं ठेवताय, ती पोरगी कोन हाय ठावं तरी हाय का तुम्हाला? मी म्हणालो, कोणी का असेना, तालाला नातं नसतं. तेवढ्यात ही आतून म्हणाली, जालिंदर, पुरे. तो गप्प बसला. म्हणजे त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की जालिंदर 'कंदिलाची काच'ला थोर मानत नाही तोवर मी दौंडात पाय ठेवणार नाही. हीपण ठेवणार नाही. हे मी तिच्या वतीने सांगितलं, कारण ती भांडी आवरत होती.

तीन महिने झाले. हिची आई, पार्वतीबाई, दौंडलाच असते. हिने एकदाही तक्रार केली नाही. फक्त भाजीत मीठ कमी पडतंय. वय झालं की हाताचा अंदाज जातो.

१४ जानेवारी

जालिंदरचा फोन. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करायचंय, ताईला पाठवा. मी रिसीव्हर घेऊन म्हणालो, आधी गाण्याचं बोल. तो म्हणाला, दाजी, तुमच्या पाया पडतो, गाण्याचं ऱ्हाऊ द्या. मी म्हणालो, म्हणजे हरलास? त्याने फोन ठेवला.

ही शेजारी उभी होती. फोन वाजायच्या आधीच उठली होती म्हटलं तरी चालेल. हिचं सगळंच आधी. एस.टी. आठची असेल तर ही सातला स्टँडवर. पाहुणा दारात यायच्या आधी चहा उकळतो. मी प्रश्न विचारायच्या आधी उत्तर, तेही बहुतेक वेळा 'न्हाई'. मला हा उतावळेपणा झेपत नाही. पण संसार म्हटला की चालवून घ्यावं लागतं.

२६ जानेवारी

'कंदिलाची काच श्रोता मंच, शिरूर' याची स्थापना. विहाराच्या पडवीत, झेंडावंदनानंतर. चाळीस माणसं धरली होती. चार आली. त्यातले दोघं बुंदी कुठे वाटतात ते विचारायला आले होते. तिसरा ज्ञानू, माझ्या शिफ्टचा, कवठे येमाईचा धनगराचा, माझा जिवलग. चौथा मी.

सात मिनिटांचं गाणं लावलं. तिसऱ्या मिनिटाला ज्ञानू घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, लई शांत वाटलं गड्या. हाच तर त्या गाण्याचा गुण. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष ज्ञानू. एकमताने. ज्ञानूचं मत झोपेत घेतलं, पण त्याने मान हलवलेली मी पाहिली.

१८ फेब्रुवारी

मोठी बातमी. वॉर्डाच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष संघर्ष घरी आला होता. बुद्धपौर्णिमेला साळूबाईंचा सत्कार करायचं ठरतंय. त्या दौंडहून येणार. दम लागतो, त्यामुळे एकच गाणं म्हणणार. एकच! म्हणजे निकाल. इतक्या वर्षांचा वाद साळूबाईंच्या तोंडून मिटणार, आणि जालिंदर समोर बसलेला असणार, कारण गाडीतून त्यांना तोच आणणार आहे.

संघर्ष म्हणाला, काका, निळा कंदीलबद्दल तुमच्याएवढं कोनी बोलत न्हाई. ('बोलत नाही' म्हणाला का 'बोलू देत नाही', नीट आठवत नाही.) प्रास्ताविक माझ्याकडे. पाच मिनिटं.

हिला सांगितलं. ही लसूण सोलत होती. हिने विचारलं, साळूआत्या खरंच येनार? आणि डोळ्याला पदर लावला. लसणामुळे डोळ्यांतून पाणी येत नाही, कांद्यामुळे येतं. 

४ मार्च

पार्वतीबाईंचं ऑपरेशन केडगावच्या शिबिरात होणार असं कळलं. माझ्या प्रतिज्ञेत दौंड आहे, केडगाव नाही. पण केडगाव दौंड तालुक्यात येतं. यावर नीट विचार करायला हवा. हिला म्हणालो, संध्याकाळपर्यंत निर्णय देतो.

संध्याकाळ: निर्णय असा की केडगावला जायला हरकत नाही, फक्त जालिंदरशी गाण्यावर बोलायचं नाही. सांगायला स्वयंपाकघरात गेलो तर ही नव्हती. तेजश्री म्हणाली, आई दुपारच्याच गाडीनं गेली, पप्पा. तुम्ही विचार करत व्हता तवा.

कुकरमध्ये भात ठेवून गेली होती.

११ मार्च

ही परत आली. आईला दिसायला लागलंय म्हणे. माझी चौकशी केली का विचारलं. ही म्हणाली, केली की. काय म्हणाल्या? म्हणाल्या, चांगदेवरावांच्या कानाचंबी शिबिर असतंय का बघ.

सासूबाईंचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी.

१ एप्रिल

योजना. आमच्या वॉर्डात चौदा एप्रिलला पहाटे भोंग्यावर पहिलं गाणं लागतं ते 'गाव आलं पाण्याला'. वीस-बावीस वर्षं हाच रिवाज. ते लागलं की घराघरात चुली पेटतात, पोरं आंघोळीला पळतात. मी यंदा पहाटेच मशिनवर बसणार आणि बी बाजू लावणार. एकदा कानावर पडलं की वॉर्ड बदलेल. संघर्षला सांगितलं, उद्घाटनाची जबाबदारी माझी. तो रात्रभर मिरवणुकीच्या तयारीत, त्याने बरं म्हणून टाकलं.

पानाखालचा सल्ला: पेरणीची घाई करू नका, योग्य ओल पाहा. अगदी माझ्या मनातलं.

१४ एप्रिल, शनिवार

लावलं.

१४ एप्रिल, दुपारी

सविस्तर. सोपानरावांचा आवाज अंधारात वॉर्डभर पसरला. अंगावर काटा आला, माझ्या. पहिल्या कडव्यापर्यंत एकही दिवा लागला नाही. दुसऱ्या कडव्याला दोन-तीन दारं उघडली. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बयाबाई डोक्यावरून पदर घेऊन हळूहळू विहाराशी आल्या आणि हलक्या आवाजात मला विचारलं, कोन गेलं रं चांगदेवा? मागून आणखी बायका. एकीने तर घरातून येताना नवऱ्याला उठवून टोपी घालायला लावली होती. मी समजावून सांगत होतो की हे आनंदाचं गाणं आहे, फक्त आतून. तेवढ्यात कोणीतरी कॅसेट उलटी केली. 'गाव आलं पाण्याला' लागलं आणि सगळा वॉर्ड हसत हसत जागा झाला.

कॅसेट उलटणारी तेजश्री होती. पोटची पोर. तिला बोलणार होतो, पण चिडायचं नाही असं ठरलंय. शिवाय ती रडत होती. म्हणाली, पप्पा, तुम्हाला खरंच काहीच ऐकू येत न्हाई का? मी म्हणालो, भोंग्याजवळ बसून कान बधिर झालेत.

आज किती चहा झाले ते लिहीत नाही. जयंतीला सूट.

२२ एप्रिल

दमलोय. सेकंड शिफ्ट, वर ऊन. पण मोहीम थांबवून चालणार नाही. साळूबाईंना आधीच सांगून ठेवायला हवं की कोणतं गाणं म्हणायचं. मला दौंडला जाता येत नाही. ज्ञानूला पाठवलं, एस.टी.चं भाडं देऊन.

ज्ञानू संध्याकाळी आला, तृप्त. जालिंदरने त्याला मटण खाऊ घातलं. मी म्हणालो, साळूबाई काय म्हणाल्या ते सांग. तो म्हणाला, म्हातारी लई गोड हाय. सारखी वैनींचंच इचारत व्हती. हौसा कशी हाय, गाती का अजून, का नवऱ्यानं तोंड बंद केलंय. हौसा म्हणजे आमची ही. मी म्हणालो, गाण्याचं विचारलंस का? ज्ञानू म्हणाला, व्हय, त्या म्हणल्या तवाचं तवा बघू.

म्हणजे नकार नाही. बाकी हौसाची एवढी चौकशी का, ते शेजारधर्म म्हणून. माहेर एकाच गल्लीत ना.

ही गाते हे मला माहीत नव्हतं. कुठे गाते? माझ्यासमोर तर कधी नाही. हिला विचारावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो, पण तिथे गेल्यावर भाषणातला एक मुद्दा सुचला आणि परत आलो.

५ मे

भाषण तयार. घड्याळ लावून म्हणून पाहिलं. पाच मिनिटांत बसवायचंय, बत्तीस झाली. कुठे कापावं कळत नाही, सगळंच महत्त्वाचं आहे. 'मी जास्त वेळ घेणार नाही' हे वाक्य काढलं. थोडा वाचला.

७ मे, बुद्धपौर्णिमा, सकाळी

पांढरा शर्ट, इस्त्री. ही पांढरी साडी नेसून कधीच विहारात गेली. कार्यक्रम संध्याकाळी आहे.

आज निकाल. जालिंदरला मी मोठ्या मनाने माफ करणार आहे. वाक्यही ठरवलंय: अरे, झालं गेलं. त्यानंतर हिला दौंडला जायला मोकळीक. मीही जाईन. आठ दिवस रजा काढीन. सासूबाईंना नवीन डोळ्यांनी मी दिसेन.

८ मे

लिहायचा कंटाळा आलाय. पण लिहितो.

वंदना झाली, सत्कार झाला, साळूबाईंना शाल दिली. बारीक, वाळलेल्या, पण नजर तेज. खुर्चीत बसून पदराने वारा घेत होत्या. मला माइक मिळाला. मी सुरुवात छान केली. मग कंदील म्हणजे काय, काच म्हणजे काय, पुसणं म्हणजे काय. संघर्ष मागून शर्ट ओढत होता. मी ओढू दिला. मग ए बाजूकडे वळलो आणि त्या पोरीचा विषय घेतला. म्हणालो, त्या एका कार्टीला त्या दिवशी घरी ठेवलं असतं तर रेकॉर्ड निर्दोष झाली असती.

सभा एकदम शांत झाली. मला वाटलं मुद्दा पोचला. दौंडहून आलेले लोक आपल्या पायांकडे बघत होते. जालिंदर उभा राहिला आणि परत बसला. तेजश्री उठून बाहेर गेली. बायकांच्या बाजूला ही ताठ बसली होती, मांडीवर हात ठेवून.

मग साळूबाईंनी माइक मागितला. जसं बोलल्या तसं लिहितो. म्हणाल्या, चांगदेवराव बोलले ते खरं हाय. पोरगी आधी उठली. पेटी थांबली न्हवती, ढोलक पडला न्हवता, आन् ही बया सुरू. मी डोळं वटारलं. पुण्याची रेकॉर्डवाली मान्सं म्हणली, पुन्हा घ्या. सोपानराव उठून चपला घालाया लागले. म्हणले, जन्मभर पाण्याच्या कडंला थांबवलेली मान्सं, आज पाण्यावर जाताना थापेची वाट बघत बसत्यात व्हय? हायती तसंच ऱ्हाऊ द्या. तवापासून आमच्या दौंडात समदी तिथं आधीच उठत्यात. ल्हान पोरंबी. थाप मागून येती, येऊ दे तिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण प्रमुख वक्ता होतो.

मग त्या म्हणाल्या, हौशे, कुठं बसलीस गं? ये वर. तुला चौदावं सरलं न्हवतं तवा. ये, आज माझा दम न्हाई पुरायचा.

मी मागे वळून बघितलं की कोण हौसा. मग लक्षात आलं की माझ्या ओळखीत हौसा एकच आहे.

ही त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच उठली होती. माझ्या समोरून गेली, माझ्याकडे बघितलं नाही. साळूबाईंच्या खुर्चीला हात लावून उभी राहिली आणि 'गाव आलं पाण्याला' सुरू केलं. एकवीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतोय. हा आवाज घरात होता आणि मी टेपला कान लावून बसलो होतो. दुसरं कडवं संपलं, आणि थापेच्या आधी तो आवाज उठला. तसाच. किनरा, एकटा. आणि त्याच्याबरोबर अख्खी सभा उठली, आमचा शिरूरचा वॉर्डसुद्धा, बयाबाईसुद्धा. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं की काय कोण जाणे. मी एकटाच थापेवर टाळी वाजवली. ताल बरोबर होता. ज्ञानूने माझा हात हळूच धरला आणि खाली ठेवला.

छातीत काहीतरी झालं. ॲसिडिटी असावी, चहा पाचवा होता.

गाडीजवळ जालिंदर भेटला. मी म्हणालो, अरे, झालं गेलं. तो म्हणाला, दाजी, मी कवाच सांगनार व्हतो. ताईनं शपथ घातली व्हती. म्हणली, सांगू नका कुनी, त्यांचं त्यांना ऐकू येऊ दे. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, तुमच्या मांडवापास्नं.

ही गाडीत बसली होती. म्हणाली, मी दौंडला चाललेय. कुकरमध्ये भात हाय. गाडी गेली.

मला लाज वाटली. इथे लिहितो, वाचणारं कोणी नाही.

९ मे

विचार करता असं लक्षात येतं की मी त्या पोरीवर टीका केली ती निव्वळ संगीताच्या दृष्टीने. व्यक्तिगत काही नव्हतं. उलट कोरसमध्ये तिचा आवाज वेगळा ऐकू येतो हे पहिल्यांदा मीच ओळखलं. एका अर्थाने तिचा सगळ्यात जुना श्रोता मीच. हे हिला फोनवर सांगायला हवं.

फोन केला. सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, हौसा कामात हाय. मी म्हणालो, फक्त एक मुद्दा आहे. त्यांनी ठेवला.

तेजश्री माझ्याशी बोलते, पण 'जेवण वाढलंय' एवढंच.

१० मे

शिफ्टवरून आलो. घर फार मोठं वाटलं, दोन खोल्यांचं असून. टेप लावला. बी बाजू. सोपानराव काच पुसत होते. तिसऱ्या मिनिटाला मला झोप लागली. दमलो होतो म्हणून.

११ मे

ए बाजू लावली. अभ्यास म्हणून. ते ठिकाण आलं. तेरा-चौदा वर्षांची हौसा. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. थाप पडायच्या आधी एक बारीकसा श्वास आहे, घाईघाईने घेतलेला. तोही ऐकू येतो. स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आधी ही असाच श्वास घेते. एवढी वर्षं मला चूक ऐकू आली आणि श्वास ऐकू आला नाही.

पुन्हा मागे घेतलं. पुन्हा. तेजश्री दारात येऊन उभी होती.  चहा करून आणला. किती कपांवर आहोत, विचारू नये.

पुन्हा मागे घेतलं तर टेपने कॅसेट खाल्ली. नेमकी तिथेच. रीळ ओढून काढली, पेन्सिलने गुंडाळली, इस्त्रीच्या कपड्यात दाबून पाहिली. आता त्या जागी हिचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो. रिळाची एकच कड चुरगळली, बी बाजू मात्र उत्तम चालते. एक ओरखडा नाही.

टेप दुरुस्तीला दिला. दुकानदार म्हणाला, आठ दिवस.

१२ मे

शिरूरमधली सगळी कॅसेटची दुकानं पालथी घातली. निळा कंदील कोणाकडेच नाही. ज्ञानू म्हणाला, जालिंदरकडं हाय की, मी मटनाच्या टायमाला बघितलीया. माहीत आहे मला. जालिंदरकडे कॅसेट मागायची, तीही ए बाजूसाठी. प्रतिज्ञेचं काय? ज्ञानू म्हणाला, कसली? त्याला आठवतही नाही. मंचाचा उपाध्यक्ष तो.

१३ मे, रविवार, सकाळी, शिरूर स्टँड

दौंडची गाडी आठची आहे. सातलाच येऊन बसलोय. झोप येत नव्हती, दुसरं काही नाही. काय बोलायचं ते ठरवलंय. पहिलं वाक्य: मी सहज इकडून चाललो होतो. दुसरं वाक्य: कॅसेट पाहिजे होती. तिसऱ्या वाक्यात हिचा विषय. तिसरं अजून जुळत नाही.

पानाखालचा सल्ला: खरिपाची पूर्वतयारी वेळेत करा.

१३ मे, परतीची गाडी, पाटस गेल्यावर

जालिंदरने चहा दिला. सासूबाईंनी मला बराच वेळ बघितलं, डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालंय. मी म्हणालो, सहज इकडून चाललो होतो.  दौंडहून पुढे मला कुठेच जायचं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत. मग कॅसेटचा विषय काढला. जालिंदरने कपाटातून काढली आणि विचारलं, कंची बाजू ऐकायचीय दाजी? मी तोंड उघडलं. माझ्या आधी आतून ही म्हणाली, ए.

बाहेर आली. भाकरीचं पीठ हाताला. मी तिसरं वाक्य सुरू केलं, हौसा, मी त्या दिवशी... ही म्हणाली, व्हय, कळलं. मी म्हणालो, परत कधी... ही म्हणाली, आईचा दुसरा डोळा झाला की. मला एकही वाक्य पुरं करता आलं नाही. बत्तीस मिनिटांचा वक्ता मी.

दुसरा डोळा कधी आहे ते विचारायचं राहिलं.

चौफुला गेलं. कॅसेट खिशात आहे. टेप दुरुस्तीला आहे, ते आता आठवलं. तोवर मनातल्या मनात म्हणून बघतोय, ते दुसरं कडवं, आणि मग थापेच्या आधी उठायचं. न्हावऱ्यापर्यंत पाच-सहा वेळा करून पाहिलं. मला आधी उठता येत नाही. प्रत्येक वेळी थाप पडून गेलेली असते.